राहावयास ठिकाण चांगलें कोणतें?



नव्या वसाहतींत घर घेतांना मनुष्य प्रथम भिंती पाहतो, मग किंमत विचारतो, आणि जमीन व शेजार यांचा विचार तेथें राहावयास गेल्यावर करूं लागतो. हा क्रम उलटा असावा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. उदाहरण म्हणून सांगलीचें उपनगर विश्रामबाग घेतों.

सांगली व मिरज यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील ही वस्ती. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ सालीं निघालेलें, आज वालचंद या नांवानें ओळखलें जाणारें अभियांत्रिकी महाविद्यालय हीं दोन्हीं येथेंच आहेत. परंतु जुन्या गांवभागांतील माणसांची दृष्टि इकडे वळविली ती कृष्णामाईनें. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालच्या महापुरांनीं नदीकाठच्या घरांत पाणी आणलें. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. आमच्या माजघरांतील देव त्या दिवशीं माळ्यावर न्यावे लागले. तेव्हांपासून घरांत एकच वाद होता: वाडवडिलांची वास्तु सोडून विश्रामबागेंत जावें कीं नाहीं?

मुलें म्हणत, "जावें." मातोश्री म्हणत, "पाणी येतें तसें जातें. पण रोज पायीं गणपतीच्या दर्शनाला जाणें सुटलें, तर तें परत कसें येणार?" दोघांचेंहि खरें होतें.

अखेर मातोश्रींनींच तोड काढली. विकत घेण्यापूर्वीं एक चातुर्मास तेथें भाड्यानें राहून पाहावें! हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. मार्गशीर्षांत सर्वच जागा कोरड्या व सुंदर दिसतात. जागेची परीक्षा आषाढ-श्रावणांत होते. नदीचा पूर पोंचला नाहीं, तरी पावसाचें पाणी कोणत्या गल्लींत तुंबतें, हें तेव्हांच कळतें. या भागांतील काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. पाया उथळ असल्यास भिंतींना तडे जातात. म्हणून दलालास विचारण्यापेक्षां शेजारच्या जुन्या घराच्या भिंती पाहाव्या.

दुसरी परीक्षा पायांची. सत्तरी उलटलेलें माणूस वाहनावांचून दूध, भाजी, औषध आणूं शकेल काय? शाळेंतून येणाऱ्या मुलाला मोठा रस्ता एकट्यानें ओलांडतां येईल काय?

तिसरी परीक्षा शेजाराची. आणि ती सर्वांत कठीण, कारण तींत आपणहि परीक्षार्थी असतों. पहिले दोन महिने मातोश्री दिवस मोजीत होत्या. जिन्यांतील बिऱ्हाडकरू ओळखीचें हंसत, पण दारें मिटलेलीं असत. मग एके दिवशीं त्यांनींच खालच्या बाईंना तुळशीचें रोप नेऊन दिलें. नंतर एका रात्रीं मातोश्रींना घेरी आली, तेव्हां त्याच बाई न बोलावतां धांवून आल्या.

आम्हीं तेथें घर घेतलें. उंच जमीन हा विश्रामबागेचा मोठा गुण, आणि पूर पाहिलेल्यांस तो कमी वाटणार नाहीं. पण गांवभागांत जो शेजार आयता मिळाला होता, तो येथें आपल्या हातानें लावावा लागतो. मातोश्रींचें गणपतिदर्शन आतां आठवड्यांतून एकदां, रिक्षानें होतें. ही किंमत आम्हीं जाणून दिली. आपणहि घर घेण्यापूर्वीं अशी किंमत मोजून पाहावी, इतकीच विनंति.