बिऱ्हाड हलविताना

(मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्यापैकी पुष्कळांना लागू पडते. मात्र विंचवाला ट्रक ठरवावा लागत नाही, तो आपल्याला ठरवावा लागतो. शहाजीराजांकडे सतराव्या शतकात बंगळूरची जहागीर आली आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबे या गावी आली, तेव्हा सामान आणि सामानाचा धनी बहुधा एकाच तांड्यातून चालत असावेत. आज धनी पुण्याहून विमानाने दीड तासात उतरतो आणि त्याचा संसार कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर असा आठशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास परक्याच्या ताब्यात करतो. तो परका कोण, हा आजचा विषय.

आपण बहुधा चार ठिकाणी दूरध्वनी करतो आणि ज्याचा आकडा कमी त्याला होकार देतो. पण घर न पाहता सांगितलेला दर हा दर नव्हे, ते आमंत्रण होय. सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत शब्द आपला चालतो. चढल्यानंतर तो त्यांचा चालतो. बंगळूरच्या वेशीवर येऊन ‘सामान अंदाजापेक्षा जास्त निघाले, इतके अधिक द्या, मग उतरवतो’ असे ऐकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. म्हणून जो माणूस घरी येऊन कपाट उघडून पाहतो, माळ्यावर काय आहे ते विचारतो, नव्या घराचा मजला आणि लिफ्ट यांची चौकशी करतो आणि मग सर्व खर्चासह एकच रक्कम लिहून देतो, त्याचा दर थोडा चढा असला तरी तोच स्वस्त समजावा. काही भामटे नामांकित कंपनीच्या नावात एखादेच अक्षर बदलून धंदा करतात. तेव्हा अंदाजपत्रकावरील नाव, पावतीवरील नाव आणि ज्या खात्यात पैसे भरावयाचे त्याचे नाव ही तिन्ही एकच आहेत ना, हे पाहावे. आगाऊ रक्कम कोणा व्यक्तीच्या खात्यात मागितली, तर तेथेच थांबावे.

‘आम्ही केवळ दलाल, ट्रक दुसऱ्याचा’ हे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. कायद्यापुढे ते टिकत नाही. १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आला व तो २०११ पासून अमलात आहे. त्यात वाहकाच्या व्याख्येत एजंट आणि दलालही येतात, आणि वाहकाने नोंदणी केलीच पाहिजे. हा नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला?

याच कायद्याखालील एक नियम मात्र घरोघरी माहीत असावयास हवा. माल हरवला वा मोडला तर वाहकाची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच असते, आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीपेक्षा अधिक नाही. भाडे ३०,००० रुपये असेल तर मर्यादा ३ लाखांची. पण विम्याचे चार पैसे वाचवावेत म्हणून आपण सामानाची किंमत ५०,००० लिहिली, तर हक्कही तेवढ्यावरच आटोपला. अधिक जोखीम हवी असेल तर जादा दर देऊन तसे लेखी ठरवावे लागते. विम्याच्या नावाखाली शेकडा अमुक इतके घेतले जातात, तेथेही विचारावे की पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आणि तिचा क्रमांक काय. नुसत्या पावतीवर ‘विमा’ असे लिहिल्याने विमा होत नाही. आपण स्वतः बांधलेल्या पेटीत काय फुटले, किंवा दूरचित्रवाणी संच बाहेरून धड असून आतून बंद का पडला, याची भरपाई पुष्कळ पॉलिसी देत नाहीत. ती अट आधी वाचावी.

आणखी एक फसवणूक सीमेवरच्या कराच्या नावाने होते. मुंबईची जकातसुद्धा १ जुलै २०१७ रोजी संपली, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची आवश्यकता नाही. नाक्यावर कर भरावा लागला म्हणून कोणी रोख मागितल्यास सरकारी पावती मागावी. बहुधा विषय तेथेच मिटतो.

या शहराची म्हणून एक वेगळी अडचण आहे. दिवसा बऱ्याच रस्त्यांवर अवजड वाहनांना मज्जाव असल्याने मोठा ट्रक यशवंतपूर किंवा नेलमंगलच्या बाजूला थांबतो आणि सामान लहान टेंपोत उतरते. अधिकांश मोडतोड या फेरबदलात होते, वाटेत नव्हे, असे माझे मत आहे. हा फेरबदल कोण करणार, त्याचा खर्च धरला आहे का, आणि ट्रक केवळ आपला की तिघांचा मिळून, हे आधीच लिहून घ्यावे. येथले हमाल कन्नड, तमिळ किंवा हिंदी बोलणारे. पेटीवर ‘देवाची भांडी, जपून’ असे आपल्या मराठीत लिहून काय होणार? पेट्यांवर आकडे घालावेत, कोणत्या आकड्यात काय ते वहीत लिहावे, आणि त्या यादीवर वाहकाची सही घ्यावी. गॅसचे सिलिंडर ट्रकमध्ये मुळीच चढवू नये.

देव, दागिने, मुलांचे दाखले, आजोबांची पत्रे आणि छायाचित्रे यांना कोणताही वाहक शोधू नये. त्यांची भाड्याच्या दहापट किंमत काढणार कशी? ती आपल्या हातातल्या पिशवीतून यावीत.

सामान उतरल्यावर हमाल घाई करतात; रात्र झालेली असते, मुले पेंगुळलेली असतात, आणि ‘येथे सही करा’ म्हणून कागद पुढे येतो. आकडे वहीशी ताडून पाहिल्यावाचून सही देऊ नये. जे फुटले वा कमी आले ते त्याच कागदावर लिहावे आणि छायाचित्र घ्यावे. पुढे दावा करावयाचा झाल्यास वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत; पुष्कळांचा हक्क ‘बघू, सांगतो’ या दूरध्वनीवरील आश्वासनांतच मुदतबाह्य होतो. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी मात्र आता पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पुण्याच्या वाहकाविरुद्धची तक्रार बंगळुरातच दाखल होऊ शकते.