सतरा दिवस आणि चार वर्षें
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं कोणत्या विषयावर बोलावें याचा आम्ही विचार करूं लागलों, तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें दोन प्रकारचीं माणसें उभीं राहिलीं. एक, आपल्या धर्मग्रामांतून पोटापाण्यासाठीं आखाती देशांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत गेलेलीं आपलीं मुलें. आणि दुसरीं, झारखंड, ओडिशा, केरळ येथून कामधंद्यासाठीं इकडे येऊन रविवारीं आपल्याच देवळांत अगदीं मागच्या बाकांवर बसणारीं माणसें. दोघांचीहि अवस्था मुळांत एकच आहे. परक्या मुलुखांत पाऊल ठेवल्यावर पहिल्या दिवसांत मनुष्यास काय दिसतें, आणि जें दिसतें त्यावर त्यानें कितपत भरंवसा ठेवावा, एवढ्याच गोष्टीचा आज आपण विचार करूं.

यासाठीं आपल्या ओळखीच्याच एका परदेशस्थाचें उदाहरण घेऊं. फादर थॉमस स्टीफन्स यांस ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून आपण जाणतों. परंतु तेहि एके काळीं या देशांत अगदीं नवखे होते, हें आपण विसरतों. त्यांचा जन्म इंग्लंडांत विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. येशूसंघांत प्रवेश केल्यानंतर ते ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून निघाले, ते ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोहोंचले. सहा महिने वीस दिवस केवळ समुद्रावर! गिनीच्या बाजूस वारा पडला व उन्हानें जीव कासावीस झाला. पुढें अन्नपाण्याच्या टंचाईनें लोकांच्या हिरड्या सुजल्या, हातपाय जड झाले. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व त्यांपैकीं २७ जण दगावले. ही संख्या त्या काळीं थोडीच समजली गेली!

गोव्यास उतरल्यावर सतरा दिवसांनीं, ता. १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं लंडनांत व्यापार करणाऱ्या आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. तें पत्र पुढें १५८९ सालीं छापलें गेलें व आजहि वाचावयास मिळतें. त्याचा बहुतेक भाग समुद्राविषयीं आहे. या भूमीविषयीं फार थोडें आहे. लोकांचा वर्ण गव्हाळ आहे. साधीं माणसें कमरेस लहानसें वस्त्र गुंडाळून वावरतात, आणि तेवढ्यांतच आपण युरोपीय लोकांइतके नटलेलों आहों असें तीं मानितात. युरोपांत पाहिलेल्या झाडासारखें एकहि झाड येथें दिसलें नाहीं. एक द्राक्षवेल तेवढी आहे, पण तीहि निरुपयोगी, कारण द्राक्षारस सारा पोर्तुगालाहून येतो. येथील पेय म्हणजे चांगलें पाणी किंवा माडाचा रस. सतरा दिवसांत एवढेंच त्यांच्या नजरेंत भरलें.

बंधुभगिनींनो, या वर्णनांत खोटें कांहींच नाहीं. परंतु त्यांतील हिशेब बहुतांशीं 'नाहीं'चा आहे. घरीं होतें तें येथें नाहीं, एवढेंच नवख्या डोळ्यांस प्रथम दिसतें. त्यांत त्याचा दोष नाहीं. मोजावयास त्याच्यापाशीं घरून आणलेलें मापच काय तें असतें. आपलीं मुलें परदेशांतून पहिल्या आठवड्यांत दूरध्वनीवर काय सांगतात? भाताला वास नाहीं, शेजारी दार उघडीत नाहीं, हिवाळ्यांत पांच वाजण्यापूर्वींच काळोख पडतो. आणि झारखंडाहून आलेला तरुण आपल्या आईस काय सांगत असेल? येथें सुक्या मासळीचा वास सोसवत नाहीं, आणि हे लोक साधें बोलतात तेंहि भांडल्यासारखें वाटतें! दोघेहि खरेंच सांगतात, आणि दोघेहि अद्याप उंबरठ्यावरच उभे असतात.

पुढील चार वर्षें फादर स्टीफन्स यांस सोपीं गेलीं नाहींत. त्यांचें कार्यक्षेत्र साष्टी. तेथें १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें हिंदूंचीं मंदिरें पाडलीं होतीं व लोकांच्या मनांत त्याची जखम ताजी होती. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले, आणि त्यानंतर सत्ताधाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांवर क्रूर सूड उगविला. अशा वेळीं परक्या मनुष्याचें मन कटु होणें किती सोपें! 'हे लोक असेच,' असें एकदां म्हटलें कीं पुढें कांहीं शिकण्याचें कारणच उरत नाहीं.

त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ता. २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, म्हणजे गोव्यास पाऊल ठेवल्याच्याच तारखेस, त्यांनीं आपल्या भावास पत्र लिहिलें. त्यांत ते म्हणतात कीं, येथील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानास अप्रिय नाहीं, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं नातें सांगणारी आहे. ज्या मनुष्यास सतरा दिवसांत ओळखीचें एक झाडहि धड सांपडलें नाहीं, त्यास चार वर्षांनीं ओळखीची वाणी सांपडली. आम्हीं सेमिनरींत लॅटिन घोकली, त्यामुळें त्या वेळीं त्यांस काय वाटलें असेल याची थोडीशी कल्पना आम्ही करूं शकतों. मातेस लॅटिनांत 'मातेर' म्हणतात, नामास 'नोमेन', नव्यास 'नोवुस', सातास 'सेप्तेम'. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें नातें विद्वानांपुढें मांडलें तें १७८६ सालीं. त्याच्या दोनशें वर्षें आधीं या नवख्या धर्मगुरूच्या कानांस तें जाणवलें होतें.

हें कसें घडलें? नुसत्या पाहण्यानें घडलें नाहीं, ऐकण्यानें घडलें. आणि ऐकावयाचें म्हणजे कोणीतरी बोलावयास हवें. चुकीचा उच्चार ऐकून न हंसतां, 'फादर, असें नव्हे, असें म्हणा,' असें सांगणारीं माणसें साष्टींत असल्यावांचून ती भाषा त्यांस आली नसती. त्या शिक्षकांचीं नांवें कोणत्याहि मुखपृष्ठावर नाहींत. परंतु १६१६ सालीं रायतूर येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या जवळजवळ ११,००० ओव्यांत त्यांचाहि वांटा आहे, असें आम्ही मानतों. फादर स्टीफन्स १६१९ सालीं या भूमींतच निवर्तले. त्यांनीं लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मागें, १६४० सालीं, प्रसिद्ध झालें.

याच्या उलट गोष्टहि ध्यानांत ठेवा. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, येथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. त्या सत्तेस गोव्यांत येऊन पावणेदोनशें वर्षें होत आलीं होतीं. तरी तिचें माप घरून आणलें होतें तेंच राहिलें. केवळ अधिक वर्षें राहिल्यानें कोणी त्या देशाचा होत नाहीं.

म्हणून आमची दोन मागणीं आहेत. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं पहिल्याच महिन्यांत 'आवडलें कीं नाहीं?' असा निकाल त्यांजकडे मागूं नये. 'आज तेथील किती माणसांचीं नांवें कळलीं? तेथील बोलीचा कोणता नवा शब्द शिकलास?' असें विचारावें. आणि जे येथें आपल्यांत नवे आले आहेत, त्यांस मागच्या बाकांवर एकटे बसूं देऊं नये. मिस्सानंतर पांच मिनिटें थांबून त्यांचें नांव विचारा. त्यांच्या मोडक्या मराठीस हंसूं नका. त्यांच्या भाषेंतील पाण्यास, भाकरीस, आईस काय म्हणतात तेंहि शिकून घ्या. आमच्या धर्मग्रामांत नवखा मनुष्य किती दिवस परका राहतो, याचें उत्तर त्याच्यापेक्षां आपल्याच हातीं अधिक आहे.

या पन्नास वर्षांत आपण देवळाच्या भिंती उभारल्या, शाळा बांधली, घंटा आणली. पुढील पन्नास वर्षांत या भिंतींच्या आंत कोणाहि परक्यास सतरा दिवसांहून अधिक परकें वाटूं नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों. परमेश्वर आपणां सर्वांचें, दूर गेलेल्यांचें व दूरून आलेल्यांचें, कल्याण करो.