मीटर टाका, मग बसू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूर, नांदेड, जळगावहून माणसं मुंबई बघायला येतात. पहाटे गाडीतून उतरतात. सोबत दोन बॅगा, एक म्हातारी आई, झोपेतली मुलं. फलाटावरच कुणीतरी विचारतं, "टॅक्सी? कुठं जायचं?" सहलीचं निम्मं बजेट या प्रश्नापाशी बिघडतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून गेट वे ऑफ इंडिया जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्यापिवळ्या टॅक्सीचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला साधारण पावणेएकवीस झालं. या हिशेबानं गेट वेपर्यंत पन्नाशीच्या आसपास होतात. स्टेशनच्या दाराशी मात्र याच्या चौपट-पाचपट आकडा कानावर येतो.

ड्रायव्हर लुच्चा असतो असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आता बघा, स्टेशनच्या रांगेत तो तासभर थांबलेला असतो. गाडी पुष्कळदा मालकाची, पाळीचं भाडं ठरलेलं. तासभर थांबून पन्नास रुपयांचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचा चेहरा उतरतो. भाडं नाकारणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याचा तोटा तुम्ही भरून द्यावा असंही नाही. म्हणून रांगेतल्या टॅक्सीशी घासाघीस करण्यापेक्षा प्रीपेडच्या खिडकीवर जावं, नाहीतर बॅगा उचलून मोठ्या रस्त्यावर यावं. धावती रिकामी टॅक्सी थांबवावी. तिचा तास वाया गेलेला नसतो, त्यामुळे ती चटकन मीटर टाकते. जायच्या दिशेच्या बाजूला उभं राहावं, हेही महत्त्वाचं. संध्याकाळी पाळी संपत आलेला ड्रायव्हर उलट दिशेला येत नाही, तो गाडी परत करायला निघालेला असतो.

'मीटर टाकणं' हा शब्द जुन्या यांत्रिक मीटरचा. बॉनेटच्या डाव्या बाजूला, गाडीच्या बाहेर ते बसवलेलं असायचं आणि त्याचं पातं खाली फिरवावं लागे. त्यावर दिसायचा तो आकडा भाड्याचा नसेच. कार्ड काढून खरे पैसे बघायचे. नवखा माणूस तिथंच गोंधळायचा. ती प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. इलेक्ट्रॉनिक मीटर आता सरळ रुपये दाखवतं. फक्त भाडेवाढ झाली की सगळ्या मीटरांत नवे दर भरेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात अधिकृत दरपत्रक मागावं, संकोच करू नये. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं, हे मात्र नियमातलंच आहे. त्यावरून वाद नको.

रिक्षा माहीम आणि शीवच्या दक्षिणेला येत नाही. अंधेरीहून रिक्षानं थेट चौपाटी गाठू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि पत्ता सांगताना पाटीवरचं नाव सांगू नका. डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग म्हटलं तर ड्रायव्हर आरशातून तुमच्याकडे बघत राहील. पेडर रोड म्हणा, निघाला. भुलाभाई देसाई रस्ता अजूनही वॉर्डन रोडच आहे. जवळचं देऊळ, थिएटर, हॉस्पिटल सांगितलं तर उत्तमच.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांचं काय? शहरात शिरणं सोपं झालं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल नाही. सागरी सेतूला आणि अटल सेतूला आहे, त्यामुळे फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या किनारी रस्त्यानं वरळीहून मरीन ड्राइव्ह काही मिनिटांत येतं, तेही टोलशिवाय. खरी अडचण पुढे आहे. कुलाब्यात पोचलेली गाडी ठेवायची कुठं? जागा शोधत तीन फेऱ्या, मागून हॉर्न, बायकोमुलं आत चिडलेली. 'नो पार्किंग'मधून गाडी उचलून नेली तर दुपार पोलीस चौकीत. माझं मत विचाराल तर गाडी मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवा. लांबचं अंतर लोकलनं किंवा मेट्रोनं काटा, शेवटच्या दोन किलोमीटरला टॅक्सी करा. आणि फोर्टात असाल तर टॅक्सीही नको. जहांगीर आर्ट गॅलरी, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, सगळं चालत होतं.

उतरताना मात्र सुटे पैसे हातात ठेवा, आणि दार बंद करण्याआधी मागच्या सीटवर एकदा नजर टाका. आजींची चष्म्याची डबी तिथंच राहते.