प्रगतिपुस्तकातला वजनाचा रकाना



  प्रगतिपुस्तकात गुणांशेजारी उंची आणि वजन असे दोन रकाने असतात. ते आपण कसे भरतो, हे या सभागृहातल्या जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना सांगायला नको. कुठे काटा असतो, तर कुठे मागच्या सत्राच्या आकड्यात दोन किलो मिळवून भागतं. मला जास्त चिंता काटा असलेल्या शाळांची वाटते. वर्ग रांगेत उभा असतो. एक सर आकडा वाचतात, दुसरे लिहितात. ‘बावन्न’ ऐकून मागची पोरं हसतात आणि त्या दिवसापासून ती मुलगी वर्गात बावन्नच होऊन बसते. तिच्यामागच्या हडकुळ्या मुलाला ‘काडी पैलवान’ ही पदवी मिळते.

आपण जाड की बारीक, हे मूल काट्याला विचारत नाही. ते शेजारच्याकडे बघतं आणि मोठ्यांचं ऐकतं. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर किंवा साक्रीच्या पश्चिम भागात खरोखर कमी वजनाच्या मुलाला आपलं काही कमी आहे असं वाटतच नाही, कारण रांगेतली सगळी त्याच्यासारखीच असतात. जळगाव शहरात मात्र वयाला साजेसं वजन असलेली सातवीतली मुलगी डबा अर्धा परत नेते, कारण तिच्या शेजारची तिच्याहून सडपातळ असते. दोघांनाही स्वतःचं शरीर चुकीचंच दिसतं.

घरही यात मागे नाही. गुटगुटीत मुलगा म्हणजे खात्यापित्या घरचा. त्याची दृष्ट काढायची. त्याच्या बहिणीने बाराव्या-तेराव्या वर्षी अंग धरलं की तिच्या पोळीवरचं तूप कमी होतं. खरं तर वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढणं हा वाढीचाच भाग आहे आणि त्यांची वाढ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी जोर धरते. सहावी-सातवीत मुली वर्गातल्या मुलांपेक्षा थोराड दिसतात, त्याचं कारण हेच. हे त्यांना विज्ञानाच्या तासाला कोणी सांगायचं? आपणच ना? तो धडा बहुतेकदा ‘घरी वाचा’ म्हणून सुटतो. मुलांची तऱ्हा निराळी. पोलीस भरतीला छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, हे नववीतल्या पोरालाही पाठ असतं. मग काटक, धावायला चपळ असलेला मुलगाही स्वतःला कमजोर समजतो आणि पावडरीचे डबे शोधू लागतो.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं कृश आढळली, तर ५ टक्के जास्त वजनाची. देशाचं दुखणं अजून कृशतेचंच आहे. तरीही आपल्या शाळांतली थट्टा बहुधा जाड्याचीच होते.    

आता एक धोक्याची सूचना. हल्ली पालक मोबाइलवर मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, काढतात आणि १८.५ च्या खाली आला की घाबरतात. तो आकडा प्रौढांचा आहे. दहा वर्षांचं १३८ सेंटिमीटर उंचीचं, ३१ किलोचं मूल अगदी मध्यम बांध्याचं असतं आणि त्याचा बीएमआय भरतो जेमतेम १६. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वयासाठी ते २०१५ मध्ये सुधारून दिले. असा तक्ता शाळेच्या कार्यालयात महापुरुषांच्या तसबिरींशेजारी टांगायला हरकत नाही.

नुसत्या नजरेवर तर विसंबूच नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. डॉक्टरांनाही जे वरून दिसत नाही, ते आपण वर्गाच्या दारात उभं राहून ओळखतो आणि त्यावर नावंही ठेवतो!

वजन घेऊच नये, असं मी म्हणत नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येतं तेव्हा त्याला एक वेगळी खोली द्या. काटा आडोशाला ठेवा, एका वेळी एकच मूल आत जाऊ द्या, मुलींचं वजन बाईंनी घ्यावं. मागच्या वेळेपासून उंची-वजन किती वाढलं, एवढंच मुलाला सांगा. काळजीचं वाटलं तर आईवडिलांना बोलावून बोला. चारचौघांत, पालकसभेत नको. आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रगतिपुस्तकात वजन लिहाल, तेव्हा तो आकडा मोठ्याने वाचू नका, एवढी माझी या अधिवेशनाला विनंती आहे.