हप्त्याची तारीख पाठ, मग प्रमाणपत्राची का नाही?

चंदगड तालुक्यातल्या बचत गटांच्या सगळ्या मैत्रिणींनो, वैनींनो, आक्कांनो आणि मावश्यांनो, भांडी घासता घासता ऐकत असाल, काजू फोडता फोडता ऐकत असाल, तर तशाच ऐका. फक्त घरात कुणी दिव्यांग असेल, तर हातातलं काम दहा मिनिटं बाजूला ठेवा.

आमच्या गटातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र सांगू नका म्हणाल्या. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला आणि डावा हात, डावा पाय गेला. मुलगी लग्न होऊन सासरी, मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. मावशींचा रोजचा आधार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे. रक्तदाबाच्या गोळ्या त्यातूनच, बाजाराच्या दिवशी वडापचं भाडंही त्यातूनच.

आषाढातल्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. पाऊस म्हणून आल्या नसतील, असं आम्हाला वाटलं. त्यांच्या शेजारणीनं सांगितलं, की बचतीचे शंभर रुपये नव्हते म्हणून त्या आल्या नाहीत. घरी गेलो तर गोळ्यांचं पाकीट रिकामं. तीन महिने खात्यावर काही जमा झालं नव्हतं. "सरकारचं पैसं उशिराच येत्यात, म्हटलं येतील," असं म्हणत त्या वाट बघत बसल्या होत्या. गोळी एक दिवसाआड घेत होत्या.

आम्ही विचारलं, "मावशी, हयातीचा दाखला दिला होता का?" त्या म्हणाल्या, "दिला की! मी जिती हाय हे सांगायला दर वर्षी जातोच की बँकेत!" त्याही हसल्या, आम्हीही हसलो. दाखला खरंच दिलेला होता. मग अडलं कुठे? ट्रंकेतून प्रमाणपत्र काढलं. ते पाच वर्षांसाठीच होतं, आणि मुदत फाल्गुनात संपून गेली होती.

त्या दिवशी आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. गटातल्या कुणाचा कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला आहे, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण मावशींच्या प्रमाणपत्रावर तारीख आहे, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी पैसे कोणते ते समजून घेऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. १८ ते ६५ वयाच्या निराधार माणसांना ती लागू होते. दिव्यांगांसाठी अट आहे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत असण्याची. आधी महिन्याला १५०० रुपये मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ते २५०० झाले. ६५ वर्षं पूर्ण झाली की श्रावणबाळ योजनेचं बघावं लागतं. म्हणून वय जवळ आलं, की तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत आधीच विचारून ठेवा.

हे पैसे चालू राहायचे तर तीन कागद जिवंत असावे लागतात. तिन्ही वेगळे आहेत. एक दिला म्हणून दुसरा झाला, असं होत नाही. आमची चूक तिथेच झाली.

पहिला कागद हयातीचा दाखला. तो दर वर्षी द्यायचा, १ जानेवारी ते ३१ मार्च या तीन महिन्यांत. तो दिला नाही तर एप्रिलपासून पैसे थांबतात. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू असतं, त्याच दिवसांत हे काम उरकायचं. वाणाबरोबर दाखल्याची आठवण द्यायची. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर घरच्यांनी तसा लेखी अर्ज करून घरी येऊन पाहणी करण्याची विनंती करावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

दुसरा उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा असतो, अर्ज आपल्या सेवा केंद्रातून होतो. त्यासाठी तलाठ्यांकडे जावं लागतं, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दाखल्यावर तो कधीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. ती ओळ वाचा. वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवाकडून वाचून घ्या.

तिसरा कागद दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड किंवा स्वावलंबन कार्ड म्हणतात. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र ऑनलाइन, त्या पोर्टलवरूनच मिळतं. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र पेटीत असेल, तर त्याचंही काम करून घ्या. कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं आणि ८० च्या वर निळं.

आता नीट ऐका. काही प्रमाणपत्रं कायमची असतात. पाय लहानपणापासून अधू आहे, त्यात बदल होणार नाही, असं डॉक्टरांना वाटलं तर ते कायमचं देतात. पण आजार कमी-जास्त होऊ शकतो असं वाटलं, तर ठरावीक मुदतीचं देतात. अर्धांगवायू, मानसिक आजार, लहान मुलं यांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं. मुदत संपली म्हणजे माणूस बरा झाला असा अर्थ नाही. पुन्हा तपासणी करून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. पण ती केली नाही, तर कागदावर आपण दिव्यांग राहत नाही.

नूतनीकरणाचा अर्ज पोर्टलवर मोबाईलवरूनही करता येतो. सरकारी फी काही नाही, सेवा केंद्रवाल्याचे कामाचे पैसे तेवढे द्यावे लागतात. आधार कार्ड, नवा फोटो, सही किंवा अंगठा आणि जुनं प्रमाणपत्र लागतं. नवं कार्ड यायला नियमानेच तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून मुदत संपायच्या चार महिने आधी अर्ज करा.

मावशींच्या बाबतीत आम्ही दोनदा अडखळलो. पहिल्यांदा अर्ज करताना. जुन्या अर्जात जो मोबाईल नंबर होता तो पुतण्याचा, आणि पुतण्यानं सिम कधीच बदललेलं. ओटीपी जाणार कुठे? तो नंबर दुरुस्त करण्यातच आठवडा गेला. म्हणून नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या, जो गावातच राहतो.

दुसऱ्यांदा तपासणीच्या दिवशी. आपल्या तालुक्याला बेळगाव जवळ, म्हणून उपचार आपण तिकडे घेतो. तपासणीला मात्र बहुतेकदा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, कोल्हापूरला सीपीआरला जावं लागतं. म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. पहाटेची एसटी धरून आम्ही मावशींना घेऊन गेलो, आणि बेळगावच्या उपचाराची फाईल घरीच राहिली. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले. ते नव्हते, परत यावं लागलं. चूक आमचीच. एक रोज बुडाला, मावशींचं अंग आठ दिवस दुखत होतं. तेव्हा बायांनो, डोक्याच्या फोटोपासून गोळ्यांच्या चिठ्ठीपर्यंत सगळं एका पिशवीत घाला, त्याच्या झेरॉक्सही घाला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, दिव्यांगाला त्याहून जास्त सवलत आहे. कार्ड जवळ ठेवा.

दुसऱ्या फेरीत काम झालं. दोन्ही फेऱ्यांचा खर्च गटानं केला. आम्ही म्हटलं, मावशी, राहू दे. पण त्यांनी ऐकलं नाही. "वहीत कर्ज म्हणून लिवा, मी फेडतो," म्हणाल्या. तसंच लिहिलं. नवं प्रमाणपत्र तहसीलला दिल्यावर पैसे पुन्हा सुरू झाले. मधल्या महिन्यांसाठी वेगळा लेखी अर्ज दिला आहे, उत्तर अजून यायचं आहे. पोच आमच्याकडे आहे, आम्ही विचारत राहणार.

आणखी दोन गोष्टी. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन-तीन खाती असतील, तर "डीबीटी कोणत्या खात्याला लागलंय?" असं बँकेत विचारा. पैसे आले नाहीत असं वाटतं, आणि ते दुसऱ्याच पासबुकात पडलेले असतात. दुसरी गोष्ट, कुणी टक्के वाढवून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तपासणीत प्रमाणपत्र नाकारलं, तर लेखी कारण मागायचा आपला हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्या निर्णयावर अपील करायचीही सोय आहे.

आमच्या गटानं आता काय केलं, ते सांगतो आणि थांबतो. हिशेबाच्या वहीच्या शेवटी एक पान आखलं. नाव, हयातीचा दाखला दिल्याची तारीख, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत, प्रमाणपत्राची मुदत, मोबाईल नंबर, बँकेचं खातं. गटातल्या बाईचंच नव्हे, तिच्या घरातल्या दिव्यांग माणसाचंही नाव लिहिलं. वाडीवर गटात नसलेली एक मुकी-बहिरी मुलगी आहे, आशाताईंना विचारून तिचंही लिहिलं. पहिल्याच दिवशी दोन प्रमाणपत्रं अशी निघाली, की त्यांची मुदत दिवाळीच्या आत संपत होती. त्या दोन्ही घरांना काहीच कल्पना नव्हती.

पान आखायला पट्टी आणि पेन लागतं, बाकी काही नाही. ते पान मावशी सांभाळतात. उजवा हात चांगला आहे, अक्षरही सुरेख आहे. दर बैठकीला हजेरी झाली, की त्या विचारतात, "या महिन्यात कुणाचं काय सरतंय?"

पुढच्या बैठकीत तुमच्याही गटात हा प्रश्न कुणीतरी विचारा.