वास नाकाला नाही, मेंदूला येतो
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आपण विहारात पाऊल टाकलं तेव्हा उदबत्तीचा वास आला ना? आता अर्धा तास झाला. किती जणांना तो अजून येतोय? उदबत्ती तर जळतेच आहे, मग वास गेला कुठे? तेच आज आम्ही सांगणार आहोत.

वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत मिसळलेले अतिसूक्ष्म रेणू. श्वासाबरोबर ते नाकात शिरतात. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला ओलसर त्वचेचा लहानसा पट्टा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो पेशी असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एका वासाने काही प्रकार जागे होतात, काही गप्प राहतात. पेटीच्या पट्ट्या मोजक्याच, पण त्यातून किती गाणी निघतात! तसेच हे. या पेशींमागची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशींचे निरोप कवटीच्या हाडातील बारीक छिद्रांतून मेंदूच्या गंधकंदात जातात. तिथून ते भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत पोहोचतात. डोळ्यांचे आणि कानांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावरून जातात. वासाला ते ठाणे लागत नाही. म्हणून तर चुलीच्या धुराचा वास आला की गेलेली आजी डोळ्यांपुढे उभी राहते.

आता उदबत्तीचं बघू. तोच रेणू सारखा येत राहिला की पेशी निरोप कमी करतात आणि मेंदूही तिकडे लक्ष देईनासा होतो. हे सोयीचेच आहे. जुना वास मागे पडला तरच नवा वास, म्हणजे नवा धोका, कळतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात.

पण बंधूंनो, हेच नाक एके ठिकाणी घात करते. आमचे काका गटारकामगार होते. एकदा झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला. थोड्या वेळाने तो गेला. "वास गेला, म्हणजे गॅस गेला," असं म्हणून काका आणि त्यांचे सोबती खाली उतरले. काकांना दोरीने वर ओढलं, ते वाचले. सोबती वाचले नाहीत. काका शेवटपर्यंत म्हणायचे, "अरे, वास नव्हता रे!"

तो वायू हायड्रोजन सल्फाइड. अगदी थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो १०० भागांच्या आसपास गेला, की काही मिनिटांतच वास ओळखण्याची शक्ती बंद पडते. ५०० ते १००० भागांत माणूस बघता बघता कोसळतो. म्हणजे वायू तिथेच असतो, मुका होतो तो फक्त नाकाचा निरोप. काकांची चूक नव्हती. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी आहे. तेव्हा आपल्या घरातल्या, शेजारच्या प्रत्येक कामगाराला हे सांगा. नाकावर विसंबून उतरू नका. वायू मोजणारे यंत्र मागा. आणि आत कुणी पडला तर त्याच्यामागे तसेच उडी मारू नका. असे वाचवायला गेलेलेही दगावतात.