घरगुती मत्स्यालयाचा फिल्टर

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत काचेची एक टाकी असावी, तिच्यांत हिरव्या वनस्पति डोलत असाव्यात आणि त्यांच्यामधून रंगीबेरंगी मासे संथपणें विहरत असावेत, ही हौस शहरांतील अनेक कुटुंबांत दिसून येते. मुलांच्या आग्रहास्तव टाकी घरीं येते आणि त्याच दिवशीं तिच्याबरोबर पांचसहा मासेही येतात. दोन दिवस सारें घर टाकीभोंवतीं जमतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं एखादा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशीं तोंड लावून धापा टाकूं लागतो आणि पंधरवडा संपण्यापूर्वीं टाकी ओस पडते. मुलें हिरमुसतात, वडील मंडळी दुकानदारास बोल लावतात, आणि या घराला मासे लाभत नाहींत असा निष्कर्ष काढून टाकी माळ्यावर टाकली जाते. वास्तविक फिल्टर विकत आणलेला असतो, तो रात्रंदिवस चालूही असतो, आणि पाणी आरशासारखें नितळ दिसत असतें. तरीही मासे मरतात. या कोड्याचें उत्तर फिल्टर खरोखर काय करतो, या एका प्रश्नांत आहे.

'फिल्टर' हा शब्द ऐकतांच डोळ्यांपुढें स्वयंपाकघरांतील चहाची गाळणी उभी राहते. गाळणीचें काम एवढेंच, कीं चोथा वर रहावा आणि चहा खालीं यावा. मत्स्यालयाचा फिल्टर हें काम करतोच. माशांची विष्ठा, कुजलेलीं पानें, न खाल्लेलें अन्न त्याच्या स्पंजांत अडकतें. परंतु माशांचा जीव घेणारी वस्तु अशी अडकणारी नसते. ती पाण्यांत विरघळलेली असते. मासा जें अन्न खातो, त्यांतील प्रथिनांचा कांहीं भाग अमोनियाच्या रूपानें मुख्यतः त्याच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. उरलेलें अन्न कुजतें, त्यांतूनही अमोनियाच निघतो. नदींत वा तलावांत तो अफाट पाण्यांत विरून जातो. ६०-७० लिटरच्या टाकींत त्याला जावयास वाट नसते. तेथें तो सांठत जातो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. त्याला रंग नाहीं, आणि इतक्या अल्प प्रमाणांत वासही येत नाहीं. म्हणून पाण्याचा नितळपणा हें त्याच्या निर्दोषतेचें प्रमाण मानतां येत नाहीं.

निसर्गांत हा अमोनिया नाहींसा कसा होतो, याचा उलगडा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. १८७७ सालीं श्लेझिंग व म्युंत्स या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या एका नळींतून गटाराचें पाणी हळूहळू सोडून पाहिलें. पहिले सुमारें २० दिवस अमोनिया जसा आंत गेला तसाच बाहेर आला. त्यानंतर मात्र तो कमी होऊं लागला व त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. पुढें नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया बंद पडली, आणि नंतर थोडी माती कालवलेलें पाणी ओतल्यावर कांहीं काळानें ती पुन्हा सुरू झाली. हें काम वाळूचें नसून वाळूवर वस्ती करणाऱ्या सजीवांचें आहे, हें त्यावरून सिद्ध झालें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे काढून दाखविले. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. हे दोन्ही टप्पे एकट्यानें पार पाडणारे जंतुही २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळले. मधलें नायट्राइटही माशांना विषारी असतें. तें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति खच्ची करतें. शेवटचें नायट्रेट त्या मानानें पुष्कळच सौम्य असून आठवड्यास थोडें पाणी बदलल्यानें तें आटोक्यांत राहतें.

घरगुती मत्स्यालयाचा फिल्टर म्हणजे त्या फ्रेंच शास्त्रज्ञांचीच नळी, लहान रूपांत. दुकानांतून आणलेला कोरा फिल्टर हा नुकत्याच बांधून झालेल्या रिकाम्या चाळीसारखा असतो; बिऱ्हाडें अद्याप यावयाचीं असतात. तीं येण्यापूर्वीं मासे आणून सोडणें, हेंच पहिल्या पंधरवड्यांतील मृत्यूंचें नेहमींचें कारण होय.

हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे निवडीची दृष्टि बदलते. जंतु पाण्यांत तरंगत न राहतां पृष्ठभागास चिकटून वाढतात. म्हणून त्यांना राहावयास सच्छिद्र जागा भरपूर हवी. स्पंज आणि चिनी मातीचीं सच्छिद्र कडीं यांत ती थोडक्या आकारांत मिळते. दुसरी गरज प्राणवायूची. अमोनियांतील १ ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेण्यास सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु खर्च होतो. म्हणून पाणी त्या जागेंतून अखंड वाहत राहिलें पाहिजे. तिसरी गोष्ट अशी, कीं साफसफाईच्या वेळीं सगळी वस्ती एकदम उठवावी लागूं नये. दर महिन्यास आंतील पुडी फेकून नवी घालण्यास सांगणारा फिल्टर या कसोटीस उतरत नाहीं.

बाजारांतील प्रकारांपैकीं सर्वांत साधा तो स्पंज-फिल्टर. हवेचा पंप टाकीबाहेर असतो. त्याची हवा बारीक नळीनें स्पंजाच्या पोटांतील उभ्या नळींत जाते. बुडबुडे वर चढतांना पाणीही वर नेतात, आणि त्याची जागा घेणारें पाणी स्पंजांतून शिरतें. पाण्यांत विजेचा एकही भाग नसतो, गप्पीचीं पिल्लें ओढलीं जाण्याचें भय नसतें, आणि प्रवाह मंद असल्यानें गुरामी किंवा फायटर यांसारख्या संथ पाण्याच्या माशांनाही तो मानवतो. पंपाची गुणगुण आणि टाकींतील अडलेली जागा एवढेच त्याचे दोष. दुसरा प्रकार काठावर टांगावयाचा व तिसरा पाण्यांत बुडवून ठेवावयाचा. दोहोंतही विजेचा छोटा पंप पाणी खेंचतो, आणि घाण अधिक पकडली जाते. चौथा प्रकार टाकीखालीं ठेवावयाच्या बंद डब्याचा, म्हणजे कॅनिस्टरचा. त्यांत जंतूंना जागा विपुल असते. मोठ्या टाकीस तो शोभतो, परंतु किंमत व देखभाल दोन्हीं वाढतात.

६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ४० उंच अशी टाकी कांठोकांठ भरल्यास ७२ लिटर होते. वाळू व दगड वजा जातां ६० लिटरच्या आसपास पाणी राहतें. पंपाच्या फिल्टरमधून टाकींतील पाणी तासाला सुमारें ४ वेळां फिरावें, असा व्यवहारांतील ठोकताळा आहे. म्हणजे तासाला २४० लिटर. खोक्यावर छापलेला आंकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. स्पंज भरला आणि त्यांत गाळ सांचला, कीं प्रवाह घटतो. म्हणून ३०० ते ४०० लिटरचा फिल्टर घ्यावा. गोल्डफिश ठेवावयाचे असतील, तर टाकी व फिल्टर दोन्हीं याहून मोठीं हवीं, कारण तो मासा खातो फार आणि घाणही फार करतो. त्याला फिल्टरवांचून गोल भांड्यांत ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे. नीट निगा राखल्यास १० वर्षांहून अधिक जगूं शकणारा हा मासा तेथें कांहीं महिन्यांतच दगावतो.

मांडणी करतांना प्रवाहाच्या वाटेंत प्रथम जाड स्पंज, मग बारीक स्पंज आणि शेवटीं चिनी मातीचीं कडीं असा क्रम ठेवावा, म्हणजे कड्यांचीं छिद्रें गाळानें बुजत नाहींत. बाहेर पडणाऱ्या पाण्यानें पृष्ठभागावर हलके तरंग उठावेत. हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळतो तो तेथेंच. हवेचा पंप टाकींतील पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, किंवा नळींत एकाच दिशेनें हवा सोडणारी झडप बसवावी. नाहीं तर वीज जातांच टाकींतील पाणी नळीवाटे उलट वाहून पंपांत आणि जमिनीवर येतें. विजेची वायर भिंतीवरील सॉकेटच्या खालपर्यंत झोळासारखी लोंबती सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब सॉकेटमध्यें न शिरतां झोळावरून खालीं पडतात. टाकींत हात घालण्यापूर्वीं विजेचीं सर्व बटनें बंद करण्याचा नियम घरांतील मुलांनाही लावून द्यावा.

यानंतरचें काम वाट पाहण्याचें. टाकी भरावी, फिल्टर सुरू करावा, आणि मासे नसतांनाच रोज चिमूटभर माशांचें खाद्य पाण्यांत टाकावें. तें कुजून अमोनिया तयार होतो व जंतूंना त्यांचें अन्न मिळतें. इतर अनेक जंतु अनुकूल स्थितींत २०-३० मिनिटांत दुप्पट होतात. या जंतूंना अर्धा दिवस ते एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. म्हणून हें काम बहुधा ४ ते ६ आठवडे चालतें. एखाद्या परिचिताच्या जुन्या व निरोगी टाकींतील स्पंजाचा तुकडा ओला असतांनाच आणून नव्या फिल्टरमध्यें ठेवल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. दह्याला विरजण लावावें, तशी ही रीत आहे. पाणी तपासण्याचीं द्रव्यें मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. आधीं अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतें, आणि अखेर खाद्य चालू असूनही दोन्हीं शून्यावर येऊन केवळ नायट्रेट उरतें. ही नोंद वहींत ठेवण्याचें काम मुलांकडे द्यावें. प्रयोगशाळेंतील शिस्त घरबसल्या अंगीं बाणते, आणि रिकाम्या टाकीचा कंटाळाही येत नाहीं. दोन्हीं आंकडे शून्यावर स्थिर झाल्यावर थोडें पाणी बदलावें आणि प्रथम दोनतीनच मासे आणावेत. संख्या पुढें हळूहळू वाढवावी, कारण जंतूंची वस्तीही अन्नाच्या मानानेंच वाढते.

पाणी कोठलें, हेंही पाहिलें पाहिजे. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंच्या नाशासाठींच घातलेला असतो. तो रोगजंतु आणि उपकारक जंतु असा भेद करीत नाहीं. पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवावें, किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब सांगितलेल्या प्रमाणांत घालावेत. दुसरी गोष्ट क्षारांची. अमोनियाचें रूपांतर होतांना पाण्यांतील अल्कता खर्च होते. दर ग्रॅम नायट्रोजनमागें सुमारें ७ ग्रॅम चुनखडीइतकी. ती संपली, कीं पाणी आम्ल होतें व जंतूंचें काम मंदावतें. मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा येथून येणारें तलावांचें पाणी मृदु असतें. अशा ठिकाणीं शिंपल्यांच्या तुकड्यांची लहान पुरचुंडी फिल्टरमध्यें ठेवणें उपयुक्त ठरतें. दख्खनच्या पठारावरील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें, तेथें तिची गरज नाहीं. पिण्याच्या यंत्रांतून निघणारें क्षारहीन पाणी अधिक शुद्ध म्हणून टाकींत भरण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु केवळ त्याच पाण्यावर टाकी चालवूं नये.

स्वच्छतेची अतिरिक्त आवड येथें घातक ठरते. घरांतील गृहिणी वा गृहस्थ रविवारीं फिल्टर उघडतात आणि स्पंज नळाखालीं धरून पांढराशुभ्र होईपर्यंत चोळतात. सोमवारीं मासे धापा टाकतात. महिन्याभरांत वसलेली वस्ती पांच मिनिटांत वाहून गेलेली असते. प्रवाह मंदावल्याशिवाय स्पंज काढूं नये. काढल्यास पाणी बदलतांना टाकींतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यांत तो दोनतीनदां दाबून सोडावा. तपकिरी राहिला तरी चालेल. स्पंज आणि कडीं एकाच दिवशीं धुवूं नयेत, आणि साबण तर जवळही आणूं नये.

वीज जाण्याचा प्रसंगही गृहीत धरावा. पाणी थांबलें, कीं बंद डब्यांतील जंतु उरलेला प्राणवायु लौकरच संपवितात व गुदमरूं लागतात; उघड्या टाकींतील स्पंज त्यापेक्षां अधिक वेळ टिकतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरीं असावा. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल, तर वीज येतांच त्यांतील दूषित पाणी टाकींत जाऊं न देतां आधीं फेकून द्यावें. वीज नसतांना माशांना खावयास घालूं नये. एकदोन दिवसांच्या उपासानें धडधाकट मासा मरत नाहीं, परंतु न खाल्लेल्या अन्नाचा अमोनिया त्याला मारूं शकतो. वीज परत आल्यावर पुढील दोनतीन दिवस अमोनिया व नायट्राइट पुन्हा तपासावें, आणि तें शून्य दिसेपर्यंत खाद्य निम्म्यावर ठेवावें.